हुरमतबी आणि दोन तलवारींचा पिक्चर

हुरमतबींना बायकांची तोंडं लवकर आठवत नसत, हात आठवत. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कापडाच्या दुकानांसमोर त्या बांगड्यांचं पाल मांडून बसायच्या. समोर कुणी बाई येऊन उकिडवी बसली की नाव-गाव विचारण्याआधी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घ्यायच्या, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायच्या आणि मग मान वर करायच्या. "तू कुरुंद्याची न्हवं? मागं सव्वादोनच्या भरल्या होत्या तुला. आता अडीचच्या लागतेत. जीव धरलास की माय." ती बाई हसायची, आणि हसता हसता तिच्या हातात पहिल्या दोन बांगड्या गेलेल्याही असायच्या.

मी त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवत होते. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. त्या मला बाई म्हणायच्या, चिडल्या तर मास्तरीण. मी त्यांना बी म्हणायची. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरचा पदर सारखा मागे सरकणारा आणि सारखा पुढे ओढला जाणारा. बोटं मात्र लांब आणि इतकी मऊ, की कुणाला वाटावं या बाईनं आयुष्यात कधी भांडं घासलं नाही. "ही आमची अवजारं," त्या बोटं नाचवून दाखवायच्या. "लोहाराचा हातोडा असतो, तशी ही."

बांगडी भरताना त्यांचं एकच वाक्य असायचं, "हात ढिला सोड." पोरी हात आवळून धरायच्या, डोळे मिटायच्या. बी दमच धरायच्या नाहीत, गप्पा सुरू करायच्या. तुझी सासू कशी हाय, म्हशीनं दूध देलं का, तो टीव्हीवरला मेला की जिता हाय अजून. पोरगी बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल व्हायचा आणि काच अंगठ्यावरून सरकून मनगटावर. एखादी तुटलीच तर 'फुटली' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. "ठंडी झाली," म्हणायच्या, आणि तुकडे उचलून पालाच्या मागे ठेवायच्या, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून.

माझे सासरे वारल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. हे घालू नये, ते लावू नये असलं आमच्या घरात कुणी मानत नव्हतं. पण सासूबाईंनी स्वतःहूनच हात मोकळे ठेवले होते. आम्ही सांगून थकलो. एक दिवस बी पेटी घेऊन आल्या. "बाई, तुमच्या सासूचा हात द्या जरा. ह्याच मापाची एक गिऱ्हाईक हाय, अंदाज घ्यायचा हाय." सासूबाईंनी भाबडेपणानं हात पुढे केला. सेनगावकडच्या सोयाबीनच्या भावापासून त्यांच्या माहेरच्या विहिरीपर्यंत बोलणं गेलं, तोवर दोन्ही हातांत चॉकलेटी रंगाच्या चार-चार बांगड्या चढल्या होत्या. सासूबाई दचकल्या. "काढा हो बी," म्हणाल्या. बींनी निरागस तोंड केलं. "आता न्हाई निघत. ठंड्या कराव्या लागतील. अन् आज जुम्मा हाय, जुम्म्याला मी काच ठंडी करत न्हाई." सासूबाई हसू लागल्या, हसता हसता रडल्या, आणि त्या बांगड्या राहिल्या.

त्यांचे स्वतःचे हात मात्र नवरा गेल्यापासून उघडे होते. मी एकदा म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "माझे हात दिवसभर लोकाच्या हातात असतात. कुणाला दिसून राहिले?"

नवरा म्हणजे करीमभाई. गाड्यावर बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांना दोन मुलं. थोरला रशीद बापाच्याच धंद्यात, बापासारखाच कमी बोलणारा. धाकटा जमील लोखंडी ग्रील, दरवाजे करायला शिकला आणि कामासाठी हैदराबादला गेला. करीमभाई वारले ते ऐन मे महिन्यात, सकाळी. जमीलला निरोप गेला, तो मिळेल त्या गाडीनं निघाला. तो संध्याकाळी गावात पोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तो घरी आलाच नाही, पिशवी खांद्यावर तशीच घेऊन थेट कब्रस्तानात गेला आणि ओल्या मातीजवळ बसून राहिला. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जमीलनं पुढं वसमतला दुकान टाकलं, लग्न केलं, लग्नात थोरला नव्हता. थोरल्याच्या घरी धाकटा पाय ठेवायचा नाही. आई राहायची थोरल्याकडे, म्हणून धाकटा आईला भेटायचा तो बाजारात, पालावर, गिऱ्हाइकासारखा उकिडवा बसून.

हे सगळं मला बींनी कधी सांगितलं नाही. गावानं सांगितलं. बी फक्त एवढंच म्हणायच्या, "माझी पोरं चांगली हायेत. एका वक्ताला एकच चांगला असतो, एवढंच."

आता त्या पिक्चरचं.

आमच्या सम्यकाला, माझ्या मुलीला, जपानी कार्टूनच्या पिक्चरचं वेड होतं. हिंदीत बोलणारे ते पिक्चर ती पेनड्राइव्हमध्ये भरून आणायची आणि टीव्हीला लावायची. बी दुपारी आमच्याकडे येऊन बसायच्या, कारण लाइट गेली तरी आमचा पंखा इन्व्हर्टरवर चालायचा. फरशीवर बांगड्या पसरून रंगानं, मापानं वेगळ्या करायच्या आणि दोऱ्यात बांधायच्या. टीव्हीकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. त्या दिवशी मात्र दोऱ्याची गाठ तशीच अर्धी राहिली.

पिक्चर दोन भावांचा होता. एका डोंगराळ मुलखाचा राजा, त्याचे दोन मुलगे. राजानं दोघांसाठी दोन तलवारी करवून घेतलेल्या, पण त्या तलवारींवर शाप. एकदा रागानं म्यानाबाहेर काढली की ती हाताला चिकटते आणि दुसऱ्या भावाचं रक्त लागेपर्यंत सुटत नाही. थोरला बर्फातल्या किल्ल्यात राहतो, धाकटा बांबूच्या रानात. मध्ये राक्षस, उडणारे कागदी पक्षी, बोलणारं कासव, असं बरंच काही.

बींना सुरुवातीला हसूच आलं. "हे केस बघा बाई, निळे. कोणती मेंदी लावून राहिला हा? अन् नाक कुठं गेलं याचं?" सम्यका वैतागली. पण तलवार हाताला चिकटली तसं बींचं हसणं थांबलं. पुढे वाकून बघू लागल्या. "हात आवळून काहून धरला यानं?" त्या टीव्हीला म्हणाल्या. "ढिला सोड म्हणावं. आवळला तर कशी निघंल?"

मग बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ह्या दोघांची माय कुठं हाय?"

"दाखवली नाही, आजी," सम्यका म्हणाली.

"मेली म्हणतेत का?"

"काहीच म्हणत नाहीत."

"आसं कसं? बापानं तलवारी देल्या, पोरं निघाली एकमेकाला मारायला. ती कुठंतरी बसली आसंल ना? तिला कुणी इचारलं न्हाई का?"

पिक्चर पुढे सरकला. शेवटी दोघं भाऊ एका तुटक्या पुलावर समोरासमोर येतात. लढतात. पूल कोसळायला लागतो, तेव्हा धाकटा घसरतो आणि थोरला नकळत त्याला धरायला हात पुढे करतो, आणि त्या क्षणी दोघांच्या तलवारी सुटून दरीत पडतात. धाकटा सावरतो. दोन टोकांना दोघं उभे. वारा. पांढरा पडदा. पिक्चर संपला.

"बोलले का न्हाई?" बींनी विचारलं.

"संपला, आजी."

"आसा कसा संपला? हे तर आता सुरू व्हायचं हाय."

त्यानंतर त्या दर चार-आठ दिवसांनी यायच्या आणि सम्यकाला म्हणायच्या, "लाव गं तो तुझा तलवारीवाला." पुढे पुढे तर बाजारात बांगड्या भरताना तीच गोष्ट सांगू लागल्या. मी एकदा पालाशी उभी राहून ऐकली. त्यांनी त्यात आई घातली होती. बांबूच्या रानामागं तिचं घर होतं, ती चुलीपुढं बसलेली होती आणि तिला दोन्ही बाजूंनी तलवारींचा आवाज ऐकू येत होता. हात पुढे करून बसलेल्या बाईनं विचारलं, "मग ती आवाज देत न्हाई का पोरायला?"

"देते की," बी म्हणाल्या. "पोचत न्हाई तिचा."

एक दिवस बी माझ्याकडे आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "बाई, माझी दोन्ही पोरं एक दिवस तुमच्या घरी बसवू का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दोघांना तो पिक्चर दाखवायचा. मी म्हणाले, "बी, कार्टूननं काय होणार आहे? तुम्हीच बोला ना दोघांशी."

"मला बोलता येत न्हाई. बोलायला गेले की रडू येतं. रडू आलं की दोघं बी उठून जातेत. हा पिक्चर तरी रडायचा न्हाई."

जमीलला निरोप गेला की बाईंच्या खिडकीला ग्रील बसवायचं आहे, माप घ्यायला ये. रशीदला सांगितलं की बाईंकडे पाहुण्या आल्यात, हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन ये. रविवारची दुपार होती. जमील आधी आला. उंच, पाठीत थोडा वाकलेला, हातावर वेल्डिंगचे बारीक डाग. त्यानं खरोखरच खिडकीचं माप घेतलं. बींनी त्याला चहा दिला आणि टीव्हीसमोर बसवलं. थोड्या वेळानं रशीद पेटी घेऊन आला. दारातली मोटारसायकल बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"अम्मी, मैं जाता," तो म्हणाला.

"बैस," बी म्हणाल्या. "एक पिक्चर बघायचा हाय माझ्यासंगं. मग जा दोघं बी. मी कव्हा काही मागितलं का?"

तो बसला. खोलीच्या एका कोपऱ्यात तो, दुसऱ्या कोपऱ्यात जमील, मध्ये फरशीवर बी. चाळिशीकडं झुकलेले दोन पुरुष लहान मुलांचं कार्टून बघत होते आणि कुणीच हसत नव्हतं. बींच्या हातात बांगड्या नव्हत्या. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. एकदा या मुलाच्या तोंडाकडे, एकदा त्या मुलाच्या. सुरुवातीला दोघं राजपुत्र लहान असतात, अंगणात लाकडी तलवारींनी खेळतात, बाप ओट्यावर बसून बघतो. तिथं रशीदच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं असं मला वाटलं.

मग राजाच्या मरणाचा प्रसंग आला. थोरला उशाशी. धाकटा दूर डोंगरावर, बर्फातून धावत सुटलेला. तो पोचतो तेव्हा बापाच्या तोंडावरची पांढरी चादर थोरला बाजूला करतो.

"ह्याला निदान तोंड तरी दाखवलं," जमील म्हणाला. टीव्हीकडे बघत.

"काय म्हणाला?" रशीद.

इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला तो पहिला शब्द. बी पुढे सरकून बसल्या. त्यांना वाटलं असावं, सुरू झालं. सुरू तर झालंच होतं.

"जे हाय ते म्हणलो."

"ऊन किती होतं त्या दिवशी, याद हाय का तुला? सकाळपासून दारात उभा होतो मी. रस्त्याकडं बघत. तुझा फोन लागत न्हवता."

"गाडीत होतो. तू संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं? माझा बाप न्हवता का तो?"

"दुपारच्या जोहरच्या नमाजपर्यंत थांबलो. मोठी माणसं म्हणाली, मय्यत ठेवू नका. मी एकटा किती जणांच्या तोंडाला लागणार होतो?"

"लागायचं होतं. भाऊ होता ना मोठा? तुला नकोच होतो मी तिथं."

रशीद उभा राहिला. आवाज चढला. "अम्मीला इचारलं मी! समद्यांसमोर इचारलं, जमीलसाठी थांबू का म्हणून. अम्मी न्हाई म्हणली, मग उचलली मय्यत."

टीव्हीवर तलवारी खणखणत होत्या. मी रिमोट शोधत होते आणि तो सापडत नव्हता. शेवटी सम्यकानं बटणच बंद केलं.

जमील वळला. "अम्मी? तू न्हाई म्हणली?"

"याद न्हाई रे बाबा," बी म्हणाल्या. "समदे लोक होते घरात. कुणी तरी काही तरी इचारलं. माझी मान हलली आसंल. कशाला हलली, मलाच कळलं न्हाई."

"म्हणली का न्हाई, एवढंच सांग."

बींनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. रशीदनंसुद्धा ते खोटं मान्य केलं असतं, असं मला आजही वाटतं. पण त्या म्हणाल्या, "म्हणले आसंन."

जमीलनं मापाची टेप उचलली, सावकाश गुंडाळली, खिशात घातली. मला म्हणाला, "बाई, खिडकीचं माप घेतलंय. सांगतो." आणि गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

रशीद डोक्याला हात लावून खाली बसला. "मी सांगायला नको होतं," तो आईला म्हणाला. "इतके साल सांगितलं न्हवतं." तेव्हा मला कळलं की या माणसानं एवढी वर्षं भावाचा राग स्वतःच्या अंगावर का घेतला होता. बींनाही तेव्हाच कळलं. त्यांनी रशीदच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर दाराकडे होती.

जमीलनं आईचा फोन घेणं बंद केलं. बाजारात यायचंही बंद झालं. बी एकदा जीपनं वसमतला जाऊन आल्या. सुनेनं घरात घेतलं, जेवू घातलं. जमील मात्र दुकानातच जेवला, घरी आला नाही. बींनी सुनेच्या हातात बांगड्या भरल्या आणि संध्याकाळच्या जीपनं परत आल्या. "सून चांगली हाय," एवढंच म्हणाल्या. "हात लई मऊ हाय तिचा."

मी त्यांच्यासाठी काय करू शकत होते? मी जमीलला फोन केला. तो अतिशय अदबीनं बोलला, ग्रीलचा विषय काढला आणि आईचा विषय आला की "हो बाई, हो बाई" करत राहिला. मी मौलवीसाहेबांच्या घरी शब्द टाकून बघितला. ते म्हणाले, त्या दिवशी घाई कुणी केली हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

बी पिक्चर बघायला येत राहिल्या. मला वाटलं होतं त्या आता त्याचं नाव काढणार नाहीत. पण त्या सम्यकाला म्हणायच्या, "राजा जिता हाय तवर लाव." अंगणात पोरं खेळतात, बाप ओट्यावर बसतो, तेवढंच बघायच्या. बापाला पहिला खोकला आला की हात वर करायच्या. "बस. बंद कर." आणि पेटी उचलून घरी जायच्या.

पुढच्या थंडीत त्यांना लकवा झाला. पालावरच, एका पोरीचा हात मांडीवर असताना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रशीदनं हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. जमीलला कुणी सांगितलं माहीत नाही, पण तो त्याच दिवशी आला. दिवसा धाकटा, रात्री थोरला, अशी पाळी आपोआप ठरली. एक यायचा तेव्हा दुसरा जिन्यानं खाली उतरायचा. त्या दवाखान्यातून बी परत आल्या नाहीत. दफनाच्या वेळी मी शाळेच्या कामानं परगावी होते. दोघांनी खांदा दिला, दोन वेगळ्या बाजूंनी, आणि दोन वेगळ्या वाटांनी परत गेले, असं नंतर ऐकलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या जाण्याच्या थोडं आधी, दवाखान्यात, संध्याकाळी. वॉर्डात जमील आईला चमच्यानं पेज भरवत होता. बींचा चेहरा एका बाजूला ओढलेला, पण डोळे तेच. मला ओळखलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. इतक्यात दारात रशीद आला, हातात डबा. जमील उठला, आईचं तोंड पुसलं, हेल्मेट उचललं. पण औषधाचं सांगायचं राहिलं होतं. तो माझ्याकडे वळला.

"बाई, त्यांना सांगा, पांढरी गोळी कुटून द्यायची. अख्खी गिळत न्हाई ती."

रशीद दोन हात अंतरावर उभा होता. त्याला ऐकू आलं होतं. तरी मी वळून म्हणाले, "रशीदभाई, पांढरी गोळी कुटून द्यायची."

"इचारा, जेवणाआधी का नंतर," रशीद मला म्हणाला.

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. अन् पाणी चमच्यानंच. ठसका लागतो."

"पाणी चमच्यानं."

"डाक्टर येऊन गेला का इचारा."

"येऊन गेला म्हणावं. उद्या अजून एक तपासणी हाय."

मी एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगत होते. बींचे डोळे एकदा या मुलाकडे, एकदा त्या मुलाकडे जात होते, आणि चेहऱ्याची जी बाजू चालत होती ती हळूहळू उजळत होती. त्यांच्या दोन्ही मुलांचे आवाज एका खोलीत, एकामागून एक, शांतपणे. मग जमील दाराकडे वळला. बींनी माझं मनगट हलवलं. मी बघितलं. त्या बोटांनी खूण करत होत्या, अजून, अजून.

"रात्री झोप लागते का त्यांना?" मी विचारलं, कुणाला ते न ठरवता.

"लागते," रशीद म्हणाला.

"दुपारी बी लागली," जमील म्हणाला.

"पांघरूण पुरतं का?"

"पुरतं."

बोटं पुन्हा हलली. मी औषधांच्या बाटल्यांकडे बघितलं, डब्याकडे, खिडकीकडे. मला अजून काही विचारायचं होतं, काहीही, पण माझ्याकडचे प्रश्न संपले होते. जमीलनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. रशीद दारातून बाजूला सरकला, त्याला वाट द्यायला.